हॉटेलकडे पाठ करून

कोल्हारच्या थांब्यावर कॉलेजला जाणाऱ्या आम्ही तिघी मुली रस्त्याकडे पाठ करून उभ्या राहायचो. एस.टी.ची वाट बघणारं माणूस रस्त्याकडे बघतं; आम्ही खताच्या गोदामाच्या भिंतीकडे बघायचो. कारण रस्त्याच्या पलीकडे चहाचं हॉटेल होतं, हॉटेलाबाहेर पाठ टेकायला फळी असलेलं लांब बाकडं होतं आणि बाकड्यावर सकाळपासून गावातले बाप्ये बसलेले असायचे. दुष्काळाचं वर्ष होतं. भंडारदऱ्याचं पाणी कॅनॉलला कधी सुटेल याचा नेम नव्हता, शेतात काम नव्हतं, त्यामुळे बाकड्यावर बसायला जागा मिळायची नाही.

पाठ करून उभ्या राहा असं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आधीच्या मुली तशा उभ्या राहत, म्हणून आम्हीही. येतोय तो ट्रक की एस.टी., हे नुसत्या आवाजावरून कळायचं. समोरच्या भिंतीवर कणीस हातात धरून हसणारा शेतकरी रंगवलेला होता आणि पोपडा निघून त्याचा एक डोळा गेला होता. दोन वर्षं मी रोज सकाळी त्या काण्या शेतकऱ्याचं तोंड बघितलं. माझ्या पाठीकडे कोण कोण बघतंय, हे मला न वळता सांगता आलं असतं.

मला त्याचा राग यायचा. लाज नाही, राग. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे ज्यांना ज्यांना मी ही हकिकत सांगितली ते सगळे 'बिचाऱ्या किती लाजत असाल' असंच म्हणाले.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. तालुक्याच्या आमच्या कॉलेजात स्नेहसंमेलनाला दरवर्षी नाटक व्हायचं, त्यात एखादा मुलगा साडी नेसून यायचा आणि मागच्या रांगेतून शिट्ट्या पडायच्या. त्या वर्षी वर्गातल्या एकाला मुंबईच्या मामाने जुना आठ मिलिमीटरचा सिनेमाचा कॅमेरा दिला. त्याच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता, म्हणून त्याला आम्ही फोटोवालाच म्हणायचो. तो बैठकीत म्हणाला, यंदा सिनेमा करू. सगळ्यांनी माना डोलावल्या. कशावर करायचा, हे मात्र कुणालाच सुचेना.

मी म्हटलं, "माझ्याकडे गोष्ट आहे. एक मुलगी रस्त्याकडे पाठ करून एस.टी.ची वाट बघतेय. मागून हॉटेलातले लोक तिच्याकडे बघतायत. शेवटी ती वळते आणि त्यांच्याकडे बघते. संपलं."

"एवढंच?"

"एवढंच. आणि दिग्दर्शन मी करणार."

मुलं फिदीफिदी हसली. एकाने विचारलं, "मग आम्ही काय सतरंज्या उचलायच्या?" मी म्हटलं, "उचला की. त्याही लागतीलच." फोटोवाला तेवढा हसला नाही. त्याच्याकडे कॅमेरा होता, पण तो कशासमोर धरायचा हे सांगणारं माणूस त्याला हवं होतं.

घरी सांगणं भाग होतं, कारण शूटिंग आमच्याच थांब्यावर होणार होतं. माझ्या वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. चुलत्यांशी भांडून त्यांनी मला कॉलेजात घातलं होतं. माझी चुलत बहीण मॅट्रिकनंतर घरी बसवली होती आणि आता तिच्या कडेवर मूल होतं. दादा त्या बाकड्यावर फारसे बसत नसत. मी थांब्यावर असताना तर कधीच नाही.

मी गेले तेव्हा ते गोठ्यात म्हशीला वैरण टाकत होते. माझं सगळं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तुजं त्वांड दिसनार हाय का त्यात?"

"न्हाई दादा. मी कॅमेऱ्याच्या मागं."

"मंग कर. पन त्वांड दिसलं तर कालेज बंद. पुन्यांदा इचारायचं न्हाई."

मी शब्द दिला. देताना खोटं बोलत नव्हते. नायिका दुसरी होती, तालुक्यातल्या किराणा दुकानदाराची मुलगी, दिसायला छान आणि हुशार.

मग माझी नुसती तारांबळ उडाली. पहाटे भाकरी, सकाळी तास, दुपारी शूटिंग, संध्याकाळच्या गाडीने परत, आल्यावर शेणघाण आणि धुणं. अर्थशास्त्राच्या तासाला मैत्रीण आवाज बदलून माझी हजेरी लावायची. एकदा सरांनी मान वर न करता विचारलं, "या मुलीला आज सर्दी झालेली दिसते?" वर्ग हसला आणि माझी गैरहजेरी लागली. सिनेमाच्या सुरुवातीला नायिका घरी भाकरी थापते असं दाखवायचं होतं, तर या बाईला भाकरी थापता येईना. तिने तीन भाकऱ्या फाडल्यावर मी तिला उठवलं आणि चुलीपुढे स्वतः बसले. पडद्यावर हात माझे आले. हात म्हणजे तोंड नव्हे, तेव्हा शब्द शाबूत होता.

थांब्यावरच्या शूटिंगच्या दिवशी इंग्रजीची चाचणी होती. ती बुडवली. हॉटेलवाल्याने एकच अट घातली होती, की त्याच्या हॉटेलाची पाटी दिसली पाहिजे, आणि ती त्याने रंगवूनही घेतली होती. कॅमेरा हॉटेलाच्या आत, भट्टीशेजारी. पुढे बाकड्यावरच्या टोप्या आणि फेटे मागून दिसणार, त्यांच्यापलीकडे रस्ता आणि रस्त्यापलीकडे मुलीची पाठ. रीळ एकच उरलं होतं, ते जेमतेम तीन-चार मिनिटांचं.

तालुक्याहून गाडी आली. मुलं उतरली, नायिका उतरलीच नाही. तिला बघायला पाहुणे येणार होते आणि मुलगी सिनेमात आहे हे त्यांच्या कानावर जायला नको म्हणून आईने तिला घरात ठेवून घेतलं होतं. मुलांची तोंडं उतरली. फोटोवाला माझ्या साडीकडे बघून म्हणाला, "तू उभी राहा. पाठच तर आहे."

"आणि शेवटी वळते ते?"

"ते काढून टाकू. एस.टी. येते, ती चढते. पाठमोरीच."

मी हो म्हटलं. मला मनापासून पटलं होतं असं नाही, पण दुसरं काय करणार? रस्ता ओलांडून मी रोजच्या जागी उभी राहिले, काण्या शेतकऱ्याकडे तोंड करून, आणि तिथूनच ओरडले, "चालू कर!"

"कसं करू? हे सगळे माझ्याकडे बघतायत!"

वळून बघते तर काय, अख्खं बाकडंच उलटं फिरवून सगळे कॅमेऱ्याकडे तोंड करून बसलेले. दाढ्या केलेल्या, धुतलेल्या टोप्या घातलेल्या, हात गुडघ्यांवर ठेवलेले. लग्नातल्या फोटोला बसतात तशी मंडळी बसली होती. मी रस्ता ओलांडून सरळ बाकड्यापाशी गेले. त्या हॉटेलाच्या पायरीजवळ बाईमाणूस गेलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

"तिकडं तोंड करा," मी म्हटलं.

"कुनीकडं?"

"रोज करता तिकडं. पोरी उभ्या ऱ्हातात तिकडं."

आमच्या बांधाला बांध असलेले एक फेटेवाले बाबा दादांचे जुने दोस्त होते. ते म्हणाले, "पोरी, आमी काय पोरींकडं बगत बसतो व्हय? तसली मानसं वाटलो का तुला?"

बाकीच्यांनी माना हलवल्या. तसली नव्हतीच कुणी.

"मंग रोज हितं बसून काय बगता, बाबा?"

"येष्टी बगतो. कोन आलं, कोन गेलं."

"मंग येष्टीच बगा. काल बगितली तशीच."

हे त्यांना पटलं. बाकडं पुन्हा फिरवून सगळे एस.टी. बघायला बसले. मी परत जाऊन पाठ करून उभी राहिले. रस्त्यावर एस.टी. नव्हती, ट्रक नव्हता, काही नव्हतं. तरी ते काय बघतायत हे दोन वर्षांच्या सवयीने माझ्या पाठीला कळलं. मागून फोटोवाला आनंदाने ओरडला, "आता एकदम बरोबर!"

कॅमेऱ्याची घरघर सुरू झाली. मी काण्या शेतकऱ्याकडे बघत होते आणि कानात घुमत होतं, 'तसली मानसं वाटलो का तुला?' वर तोंड करून हे मलाच विचारायचं! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी वळले. झटक्यात नाही, सावकाश वळले, आणि बाकड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेकाकडे बघितलं. जिथे माझी नजर जाई तिथली टोपी खाली जाई. कुणी चहाच्या बशीत बघायला लागला, कुणी पायातल्या वहाणेत. फेटा सगळ्यांत शेवटी खाली गेला. रीळ संपल्याचा आवाज येईपर्यंत मी बघत राहिले.

फोटोवाला धावत आला. "वळलीस की!"

"वळले."

"आता?"

"आता रीळ धुवायला मुंबईला पाठव."

रीळ धुऊन आलं तेव्हा स्टुडिओच्या भिंतीवर आम्ही ते बघितलं. सांस्कृतिक मंडळाचे सर होते. ते पुण्याचे, स्वभावाने चांगले. दादांची अट मी त्यांना सांगितली होती. ते म्हणाले, "शेवटचा तुकडा काढून टाकू. ती नुसती उभी आहे, यावरच संपव. सूचक वाटेल, आणि तुझं शिक्षणही वाचेल." फोटोवाल्याने ब्लेड हातात घेतलंच होतं.

भीती वाटली नाही असं नाही. चुलत बहीण आणि तिच्या कडेवरचं मूल डोळ्यांपुढे आलं. पण तो 'सूचक' शब्द मला झोंबला. सूचक म्हणजे ज्यांना कळून घ्यायचं नाही त्यांची सोय. मी फोटोवाल्याच्या हातातलं ब्लेड काढून घेतलं आणि डबीत ठेवलं. सरांना म्हटलं, "हाच सिनेमा आहे, सर. बाकी सगळं त्याच्या आधीचं आहे."

संमेलनाला पालकांना बोलावणं असायचं. दादा आले आणि पहिल्यांदाच आईही आली, लग्नाकार्याची साडी नेसून. हॉलमध्ये अंधार करायचा होता, तेव्हा मुलांनी खरंच सतरंज्या उचलल्या आणि खिडक्यांना लावल्या. पडदा म्हणजे वसतिगृहातली चादर. सिनेमा मुका, आवाज काय तो प्रोजेक्टरचा. भाकरीचे हात आले, पितळी डबा आला, मग आमचा थांबा आला. नवी पाटी दिसल्यावर कोल्हारची मुलं ओरडली. दादा हाताची घडी घालून बघत होते. पडद्यावर माझी पाठ उभी होती आणि ते अगदी शांत होते.

मग मी वळले. टोप्या एकामागून एक खाली गेल्या. दरवर्षी मागच्या रांगेतून येणारी शिट्टी त्या दिवशी आली नाही. दादा उठले आणि बाहेर निघून गेले.

आई आणि मी त्यांच्या मागे गेलो. ते लिंबाखाली उभे होते.

"शब्द मोडलास," ते म्हणाले.

"मोडला."

"जानूनबुजून?"

"व्हय दादा."

"सोमवारपासनं कालेज बंद."

चारचौघांत दादांपुढे तोंड न उघडणारी माझी आई पदर सारखा करत म्हणाली, "म्या तर हातांवरनंच वळखली हिला. पाठमोरी हुबी हुती तवा तर खूनच पटली. तुमी नव्हती वळखली?"

दादा रस्त्याकडे बघायला लागले.

"वळखली हुती ना? मंग तवा का न्हाई उठला?"

मला जे अख्ख्या सिनेमात सांगता आलं नव्हतं ते आईने एका प्रश्नात सांगितलं. पाठ होती तोवर सगळ्यांना न ओळखल्याचं सोंग घेता येत होतं, दादांनासुद्धा. कॉलेज बंदचा शब्द मात्र त्यांनी मागे घेतला नाही.

सोमवारी पहाटे मी नेहमीसारख्या भाकरी केल्या. आईने डबा भरून माझ्या हातात दिला. दादा घरात नव्हते.

थांब्यावर गेले तर ते हॉटेलाबाहेर बाकड्यावर बसलेले, फेटेवाल्या बाबांच्या शेजारी. मला अडवायलाच आले होते, यात शंका नव्हती. बाकीच्या दोघी भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. मी रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले. डबा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. बाकड्यावरच्या टोप्या एकेक करून खाली गेल्या. दादांची गेली नाही. ते माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. ट्रक गेले, बैलगाडी गेली, आमची दोघांची नजर काही हलली नाही. तालुक्याची गाडी लांबून येताना दिसली. दोन वर्षांत पहिल्यांदाच मी ती येताना डोळ्यांनी बघितली. दादा उठले. आता ते रस्ता ओलांडून येतील आणि माझा दंड धरून घरी नेतील, असं वाटलं. तेवढ्यात गाडी मध्ये येऊन थांबली. मी चढले.

खिडकीशी जाऊन बघते तर दादांनी बाकड्यावरच्या सगळ्यांना उठवलं होतं. बाकड्याचं एक टोक त्यांनी धरलं होतं, दुसरं हॉटेलवाल्याने, आणि दोघं मिळून बाकडं फिरवून त्याचं तोंड हॉटेलाच्या भिंतीकडे करत होते. फेटेवाले बाबा बाजूला चहाची बशी धरून उभे होते.

आठ दिवसांत बाकडं पुन्हा होतं तसं झालं, कारण गिऱ्हाइकांना भिंत बघत चहा प्यायला आवडेना. मी मात्र पुन्हा पाठ केली नाही.