वसंताचं भाषण आणि ग्लेबचा सॅक्सोफोन

समस्त पुणेकरांस आणि उरलेल्या मानवजातीस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, जॅझ संगीताच्या इतिहासातली एक थोर मैफल भिलाईतल्या मराठी मंडळींच्या छोट्या हॉलमध्ये, रव्याच्या लाडवांच्या साक्षीने पार पडली. पुरावा नाही. मी आहे.

ग्लेब हा रशियन सॅक्सोफोनवादक. त्याच्या जॅझमध्ये चाल नसते, ठेका नसतो. वाद्य कधी किंचाळतं, कधी खोकतं, कधी नुसताच श्वास सोडतं. त्याची एक कॅसेट माझ्याकडे होती. ती लावली की बायको मिक्सर बंद करायला धावायची. मी मात्र त्या माणसावर जीव टाकून होतो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. ग्लेबचा थोरला भाऊ भिलाईच्या पोलाद कारखान्यात तज्ज्ञ म्हणून राहत होता आणि त्याच्याच खात्यात माझा कॉलेजचा मित्र वसंता नोकरीला होता. एके दिवशी वसंताचा ट्रंककॉल आला. "तुहा तो बाजावाला भावाकडं आला बे! आमच्या हॉलात वाजवनार हाये. येतं का?"

मी फोन ठेवायच्या आधीच मनानं गाडीत बसलो होतो.

दुर्गला उतरून ऑटो केला. ऑटोवाला म्हणाला, "प्लांट देखने आए हो, साहब?"

"नहीं, एक रशियन का बाजा सुनने."

त्यानं आरशातून मला नीट पाहून घेतलं. "बाजा तो हमारे गाँव उतई में भी बजता है. शादी का सीजन है."

भिलाईचे रस्ते पट्टीनं आखल्यासारखे सरळ, दुतर्फा झाडं, मागे चिमण्यांचा तांबूस धूर. क्वार्टर्स सगळी एका साच्यातून काढलेली. मी ऐटीत एका घरात शिरलो, चहा प्यालो, दोन बिस्किटं खाल्ली, मग घरमालकांनी अदबीनं विचारलं, "वैसे, आप हैं कौन?" वसंताचं घर पलीकडच्या गल्लीत होतं.

तिथे दारातच सुमनवहिनी म्हणाल्या, "या भाऊजी. हे भाषन पाठ करून राहिले. सकाळपासून आरशासमोरून हटले नाईत."

वसंता तिथल्या मराठी मंडळाचा अध्यक्ष. त्याचं भाषण सुरू झालं की लोक चपला शोधू लागतात, हे मी कॉलेजपासून पाहत आलोय. आणि ग्लेबला त्याच संध्याकाळी दुर्गहून गाडी धरायची होती. भाषण लांबलं की वादन बुडालं! हा माणूस पुन्हा कशाला इकडे फिरकतोय?

"वसंता, हात जोडतो. हार घाल आणि खाली बस."

"कावून बे? पाहुना रशियातून आला, त्याचा सत्कार नाई करायचा? नारळ नाई द्यायचा? लोक काय म्हनतील?"

"लोक दुवा देतील."

"पुणेकर कुठला! तुमच्याइथं पाहुन्याले पानी तरी देता का बे?"

हॉलवर पोचलो तेव्हा ग्लेब पायरीवर बसून फरा (तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या वळकट्या) खात होता. उंच, हडकुळा, दाढीत चटणी. मी गाडीत एक इंग्रजी वाक्य घोटून ठेवलं होतं. तोंड उघडलं, तर त्यानं त्यात एक फरा ठेवला. वाक्य फऱ्यासोबत गिळलं.

कार्यक्रम सुरू झाला. दिवा, स्वागतगीत, शाल, नारळ, झेंडूचा हार. मग वसंता. "सज्जनहो! आजचा दिवस..." इथून तो जो निघाला, तो थेट पोलादाच्या जन्मापर्यंत गेला. ग्लेबचा भाऊ घड्याळावर बोट आपटू लागला. बाहेर जीपचा हॉर्न वाजला. मी मनातल्या मनात मैफलीला तिलांजली दिली.

ग्लेब मात्र मान तिरकी करून ऐकत होता. एकाएकी त्यानं सॅक्सोफोन उचलला आणि वसंतानं श्वास घ्यायला घेतलेल्या जागेत एक जाडजूड हुंकार भरला.

वसंता थांबला. वळला. झालं, आता हा चिडणार!

"सज्जनहो!" वसंता दुप्पट आवाजात गरजला. सॅक्सोफोन किंचाळला. "आपली ही पोलादनगरी!" सॅक्सोफोन तळातून घरघरला. वसंता पाणी प्यायला, तर तो घोटसुद्धा ग्लेबनं वाजवला! वसंताला चेव आला. तो मुद्दाम अडखळू लागला, कुजबुजू लागला, एकेका शब्दावर ठाण मांडून बसला; आणि ग्लेब डोळे मिटून मागोमाग, कधी पुढेही. कोणीही चपला शोधल्या नाहीत. "धन्यवाद" दोघांनी एकाच दमात संपवलं.

भावानं ग्लेबला जीपकडे ओढलं. जाता जाता ग्लेबनं मिठी मारली ती वसंताला. भाऊ मोडक्या हिंदीत म्हणाला, "पूछता है, आपका रेकॉर्ड कहाँ मिलेगा?"

मला, त्याच्या एकनिष्ठ भक्ताला, त्यानं लांबून हात हलवला. परतीच्या गाडीत मी या अन्यायावर रुसून पाहिलं. जमेना, हसूच येत राहिलं. कॅसेटमध्ये मी ग्लेबला फक्त वाद्यातून बोलताना ऐकलं होतं. भिलाईत त्याला ऐकून घेताना पाहिलं.

त्या मैफलीवर पुण्यात मी पुष्कळ पांडित्य केलंय. पण तिची खरी समीक्षा, जीप गेल्यावर हॉलमध्ये, पहिल्या रांगेतून सुमनवहिनींच्या तोंडून निसटली:

"अव माय! लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ह्यायचं भाषन मी पुरं आयकलं!"