बाबा शेवटपर्यंत टिकले

आमच्या ख्रिस्ती मंडळीत विश्वासात टिकून राहण्याविषयी उपदेश झाला की माझ्या बाबांचं उदाहरण हमखास निघायचं. हिवरखेडचा एक भाऊ तरुणपणी प्रभूकडे आला, घरच्यांचा मार खाल्ला, पानमळ्यातलं काम गेलं तरी ढळला नाही, आणि मरणाच्या दारात मात्र जुन्या धर्माकडे परत फिरला. पाळक बदलत गेले, उदाहरण तेच राहिलं. लोक हळहळून मान हलवायचे. मी त्यांच्यातच बसलेला असायचो आणि माझीही मान हलायची. बाबा परत फिरले नव्हते. हे सांगू शकेल असा जगात मी एकटा होतो आणि मी गप्प होतो. आता मी म्हातारा झालो आहे, आजारी आहे, आणि गप्प राहणार नाही.

बाबांनी अंथरूण धरलं तेव्हा मी विश्वासात नव्हतो. आई आधीच गेली होती. धाकट्या बहिणीचं, शांताचं, लग्न परतवाड्याला ठरलं होतं. चुलत्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की तुझ्या बापानं शेवटी गंगाजल घेतलं तर तो आमचा, अंत्यविधी आम्ही करू, लग्नही आम्ही लावू. नाहीतर तुमचं तुम्ही पाहा. त्यांचंही चुकत होतं असं मी म्हणत नाही. त्यांना आपला भाऊ परत हवा होता.

त्या दुपारी घर माणसांनी भरलं होतं. वाटी माझ्या हातात दिली गेली. मी बाबांवर वाकलो, पाठ सगळ्यांकडे होती. बाबा पूर्ण शुद्धीवर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि मान हलवून नाही म्हटलं. मी तरीही चमचा टेकवला. पाणी हनुवटीवरून उशीवर गेलं. मी ते बाहीने पुसलं आणि मागे वळून म्हणालो, "घेतलं."

मागे बायकांनी सुटकेचा श्वास सोडला. बाबांनीही माझा शब्द ऐकला. त्यानंतर संध्याकाळपर्यंत ते होते आणि माझं मनगट त्यांनी धरून ठेवलं होतं. रागानं की मायेनं, मला आजही माहीत नाही. मग त्यांना अग्नी दिला गेला आणि पुढच्याच महिन्यात शांताचं लग्न झालं.

पण त्या मिटलेल्या ओठांनी मला सोडलं नाही. ज्याच्या अंगात कूस बदलायचं बळ उरलं नव्हतं, त्यानं नाही म्हणायचं बळ कुठून आणलं? हे शोधत मी अकोल्याला, बाबांच्याच मंडळीच्या दारात पोचलो. पुढे बाप्तिस्मा घेतला. साक्ष द्यायला उभा राहिलो की सांगायचो, एका दुखण्यात प्रभूनं मला हाक मारली. लोक आमेन म्हणायचे. बाबांमुळे आलो हे मी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझा खोटेपणा शांतापर्यंत गेला असता. मी हे तिच्यासाठी करतो आहे, अशी मी स्वतःची समजूत घालून ठेवली होती.

गेल्या वर्षी माझ्या पोटात गाठ निघाली आणि अमरावतीच्या एका दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी परतवाड्याहून शांता आली. पिशवीतून तिनं झाकण लावलेला छोटा गडू काढला.

"दादा, थेंबभर घे. उद्याचं काही सांगता येते का? बाबानं घेतलं होतं न, मंग तुले काय जड होते?"

माझ्याच तोंडचा शब्द माझ्यासमोर उभा होता. मी काही बोलायच्या आत शेजारच्या खाटेवरून आवाज आला. तिथे अकोल्याचे एक किराणा व्यापारी होते, रशीदभाई. मांडीचं हाड मोडून पडले होते, आणि जीभ तेवढी धडधाकट होती.

"ओ ताई, डाक्टरनं पानी बंद केलं त्याचं. पंडित येवो, नाही त पादरी, थेंब जानार नाही आत. तुमी सिस्टरच्या हातचा मार खाऊ घालान आमाले."

शांतालाही हसू आलं. मग रशीदभाईंनी वेळ घालवायला विचारावं तसं विचारलं, "पन तुमच्या वालिदनं खरंच घेतलं होतं का? तुमी पाह्यलं?"

"मी सैपाकघरात होती," शांता म्हणाली. "दादानं पाजलं."

"मंग तुमीच सांगा, भाईजान."

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता. घरच्यांनी नाही, पाळकांनी नाही, मंडळीनं नाही. सगळे धरूनच चालले. ज्या माणसाशी माझी ओळख एका दिवसाची, त्यानं विचारलं. तो प्रश्न कोणी पाठवला, यावर मी वाद घालत बसणार नाही. मी सांगून टाकलं.

शांतानं गडूचं झाकण घट्ट फिरवलं. "मले काहून नाही सांगतलं?"

"तुह्यं लग्न मोडलं असतं, बाई."

"मी म्हनली होती का तुले, माह्यासाठी खोटं बोल म्हून? माह्या डोक्यावर नोको ठेवू हे. तू काकाले भेला होता."

ती खरं बोलली. मी भ्यालो होतो, बाकी सगळी सजावट होती. ती उठून गेली. रशीदभाई छताकडे पाहत पुटपुटले, "माह्यी जीभ तोडून टाकाले पायजे होती, हाड कायले मोडलं?"

दुसऱ्या दिवशी मला आत नेलं तेव्हा शांता कुठे दिसली नाही. एकुलती बहीण गेली, असं मनाशी धरूनच मी डोळे मिटले. तरीही इतकं हलकं मला बाप्तिस्म्याच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

टाके काढायच्या दिवशी ती आली. मऊ खिचडीचा डबा होता. पहिला घास भरवून म्हणाली, "तू गेल्यावर मले फोन करतीन का तुह्ये लोक?"

"करतीन."

"मातीले येईन मी. पन तुमचं गानं म्हननार नाही, सांगून ठेवतो."

"नोको म्हनू. तुह्या आवाजानं मुडदा उठीन."

"उठ न मंग," ती म्हणाली आणि पदर डोळ्याला लावला.

चालता येऊ लागल्यावर पहिल्या रविवारी मी मंडळीत उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. नंतर एक वडीलधारे भाऊ म्हणाले, जुनी गोष्ट आहे, कशाला उकरता? मी म्हणालो, तुम्ही दरवर्षी उकरत होता, मी फक्त खरी करून दिली. यापुढे न टिकणाऱ्याचं उदाहरण हवं असेल तर माझं द्या. माझ्या बाबांचं द्यायचं तर टिकलेल्याचं द्या.

डॉक्टर सांगतात, दुखणं परत येईल. येऊ दे. मी येशूचा आहे आणि शेवटपर्यंत त्याचाच राहणार, हे मी शुद्धीत, स्वतःच्या हातानं लिहितो आहे. शेवटच्या घटकेला बाबांसारखं नाही म्हणायचं बळ माझ्यात असेल की नाही, ठाऊक नाही. त्याची पूर्वी फार भीती वाटायची. आता वाटत नाही. बाबांना अग्नी दिला म्हणून, किंवा मुलगा खोटं बोलला म्हणून, प्रभूनं त्यांना हातातून सोडलं नाही. मग माझी शुद्ध गेली म्हणून तो मला तरी का सोडेल? माझं काम त्याला धरून राहायचं. ते माझ्यानं होईनासं होईल तिथून पुढे त्याचं.