अक्कांच्या नावावर कॅनडा

आमच्या साडूभाऊंनी उभ्या आयुष्यात डोळे झाकून विश्वास ठेवला तो फक्त स्वतःच्या संशयावर. बाकी सूर्यापासून सासऱ्यापर्यंत कुणालाही त्यांनी पुराव्याशिवाय मान्य केलं नाही. येलदरीच्या वीजघरात ते फिटर होते आणि कानाचे असे तयार की बिघाड नुसत्या आवाजावरून सांगत. यंत्र आपल्यापासून काहीतरी लपवतंय या खात्रीनंच ते त्याला कान लावून बसत. दर शनिवारी ते परभणीला आमच्याकडे यायचे. एसटीवर ‘परभणी’ अशी ठसठशीत पाटी असायची, कंडक्टर ओळखीचा, ड्रायव्हर तर शेजारच्या क्वार्टरमधला. तरी हे आधी कंडक्टरला विचारणार, गाडी कुठं चालली? मग पुढे जाऊन ड्रायव्हरला विचारणार. आणि दोघांचं उत्तर एकच आलं की यांचा संशय दुप्पट. "दोघंबी एकच बोलायलेत साडू, ठरवून तर आले न्हाईत ना?" असं मला घरी आल्यावर विचारायचे. परभणीला सुखरूप पोचल्यावरसुद्धा!

आमच्या घरचा चहा मी आधी घोट घेतल्याशिवाय त्यांनी कधी ओठाला लावला नाही. एकदा मीही इरेला पेटलो आणि मुद्दाम थांबलो. ते माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे. दोन्ही कपांवर साय आली. शेवटी माझी बायको, म्हणजे त्यांची मेहुणी, स्वयंपाकघरातून आली आणि "बसा आता एकमेकांची तोंडं बघत," म्हणून दोन्ही कप उचलून घेऊन गेली. यावर साडूभाऊ मला हळूच म्हणाले, "बघितलं? प्यायच्या आधी उचलला. कायतरी होतं त्याच्यात."

माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमच्या अक्का, त्यांना दिलेली. माहेर पाथरीचं, नाव पद्मिनी, नर्सिंगचा कोर्स पहिल्या झटक्यात पास झालेली. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो, तेव्हाची गोष्ट. साडूभाऊंनी नाव ठरवलं होतं, पण सख्ख्या आईलाही सांगितलं नव्हतं. का, तर बाहेर फुटलं की भावकीतला कुणीतरी आपल्या सुनेला तेच ठेवून मोकळा होईल. ताटात लिहिताना परीक्षेतली पोरं धरतात तसा डाव्या हाताचा आडोसा धरला होता. हात काढला तेव्हा तांदळात ‘सुलोचना’ उमटलं होतं. टाळ्या पडल्या, पेढे वाटले गेले, आणि पाथरीची पद्मिनी त्या ताटात संपली असं सगळ्यांनी धरलं.

ती संपली नव्हती. अक्का जिंतूरच्या दवाखान्यात नोकरीला होत्या आणि तिथं प्रमाणपत्रावरचं नाव चालायचं. त्यामुळे दिवसभर त्या पद्मिनी सिस्टर, आणि संध्याकाळी क्वार्टरच्या पायरीवर चप्पल काढली की सुलोचना. साडूभाऊ हाक मारायचे, "सुलोचना!" उत्तर नाही. दुसऱ्यांदा मारायचे, उत्तर नाही. तिसऱ्या हाकेला अक्का दचकून म्हणायच्या, "मला म्हणलाव का?" झालं! साडूभाऊंना शक आला की बायको बहिरी व्हायलीय. तिला परभणीच्या कानाच्या डॉक्टरकडे घेऊन आले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कान उत्तम आहेत. बाहेर आल्यावर हे मला म्हणतात कसे, "डॉक्टरचेच तपासून घ्यायला पायजेत."

अशा माणसाच्या डोक्यात कॅनडा शिरला. वीजघरातला त्यांचा एक जुना सोबती तिकडे जाऊन स्थिरावला होता आणि तिथं कसबी फिटरला मागणी आहे असा त्याचा निरोप आला होता. साडूभाऊंनी त्याच्यावरही आधी शक घेतला, पण वेड लागलं ते लागलंच. भर उन्हाळ्यात लोकरीचा मफलर घेऊन आले! परभणीत माझी टायपिंगची शाळा होती, म्हणून अर्ज माझ्याकडे आला. मी टाइप करणार आणि हे माझ्या मानेवर श्वास टाकत एकेक अक्षर बघणार.

तिकडे गुणांवर माणूस घेतात. वयाचे गुण, शिक्षणाचे, इंग्रजीचे, धंद्याचे. सगळी बेरीज केली तर साडूभाऊ कमी पडत होते, आणि वय वाढेल तसे आणखी घसरणार होते. त्यांचा चेहरा बघवेना. मग माहितीच्या कागदात मला दिसलं, नवराबायकोपैकी ज्याचे गुण जास्त त्यानं मुख्य अर्जदार व्हावं, दुसऱ्यानं सोबत जावं. मी म्हटलं, "अक्कांचं धरून बघू का?"

"हिचं शिक्षण त्यायला कशाला पायजे?" साडूभाऊ उसळले. "थंडीत मी कुडकुडणार आन् हिचे मार्क कशाला मोजायलेत? गडबड हाय साडू, लय मोठी गडबड हाय."

पण अक्कांचे गुण भरभरून पडले. नर्स त्यांना हव्याच होत्या. प्रश्न एवढाच होता की त्या अर्जात साडूभाऊंचं नाव ‘अर्जदारावर अवलंबून’ या रकान्यात जात होतं. तो रकाना ते कितीतरी वेळ बघत बसले. "मंजी मी हिच्या सामानात जायचं," एवढंच म्हणाले. पुढचे कितीतरी शनिवार फिरकलेच नाहीत. दोघी बहिणींनी आणि मी मिळून कट केलाय असं त्यांचं मत झाल्याचं कळलं. मग एका शनिवारी मफलर गुंडाळून दारात हजर. "भरा हिच्या नावावर," म्हणाले, आणि चहा न पिता गेले.

दिल्लीला मुलाखत झाली आणि तिथं गाडी अडली. पासपोर्टवर सुलोचना आणि नवऱ्याचं नाव, प्रमाणपत्रावर पद्मिनी आणि बापाचं नाव. दोघी एकच कशावरून? साडूभाऊ परत आले ते चेहरा पडलेला, पण डोळ्यांत चमक. "काय माणूस होता साडू! माझ्याकडं बघितलं, हिच्याकडं बघितलं, फोटू उजेडात धरला, परत माझ्याकडं बघितलं. म्हणला, तुमची बायको कोणती, ही का ती? जिंदगीत पहिल्यांदा कामाचा अफसर भेटला." तांदळाचं ताट त्यांनी त्याला समजावून सांगितलं होतं म्हणे. त्याचा शक आणखी वाढला.

आता दोन नावांची एक बाई आहे असं प्रतिज्ञापत्र करायचं, राजपत्रात छापून आणायचं, नाहीतर कॅनडा विसरायचा. मी मशीनवर कागद चढवला आणि टाइप करू लागलो, ‘मी, पूर्वीची पद्मिनी, आताची सुलोचना...’

अक्कांनी मशीनवर हात ठेवला. "थांबा भाऊजी."

त्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतराचा मोर्चा रस्त्यावरून चालला होता. घोषणांनी माझ्या खिडकीची काच थरथरत होती. अक्का तिकडे बघत म्हणाल्या, "नाव लहान गोष्ट असती तर इतकी वर्षं लोकांनी मार खाल्ला असता का? माझं तर माझ्याच बापानं ठेवलेलं होतं. मी सही करीन ती पद्मिनी म्हणून. पासपोर्टवर तेच आणा. न्हाईतर राहू द्या कॅनडा, मी जिंतूरला सुखात हाय."

साडूभाऊंचा आवाज एकदम बारीक झाला. "ते नाव मी लय विचार करून ठेवलं होतं गं."

"मला इचारून न्हाई ठेवलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. हे मी पढवलेलं आहे का, असं ते बघणं होतं, पण माझं तोंडही उघडंच राहिलेलं. खाली मोर्चा पार पुढे गेला तरी ते मफलरची गाठ सोडवत बसले होते. शेवटी म्हणाले, "मारा पद्मिनी." आणि लगेच, "पण हे तरी जन्माचंच हाय ना? सासऱ्याला एकदा इचारून घ्या."

पासपोर्ट बदलला, त्या शकी साहेबाचं समाधान झालं, आणि एका दुपारी आम्ही त्यांना सोडायला परभणीच्या स्टेशनवर उभे राहिलो. साडूभाऊंनी गाडी तीन जणांना विचारून पक्की केली होती. अक्का पाण्याची बाटली भरायला लांबच्या नळावर गेल्या आणि तेवढ्यात इंजिनानं शिट्टी दिली. साडूभाऊ दारात लोंबकळत ओरडले, "सुलोचना!" हमालांची आरडाओरड, चहावाल्यांचा गलका. अक्का नळाशीच. "सुलोचना!" गाडीला हिसका बसला. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, आणि जे नाव उभ्या संसारात त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं ते घेतलं, "पद्मिनी!"

अक्का गर्रकन वळल्या. बाटली सांडत धावत आल्या आणि साडूभाऊंनी हात धरून त्यांना वर ओढून घेतलं.

मी गाडीबरोबर चालत होतो. साडूभाऊ बायकोकडे बघत होते, जणू तिला पहिल्यांदाच दाखवायला आणलं होतं. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "कान चांगले हायत की हो हिचे." या वेळी आवाजात शक नव्हता. मी काही बोलायच्या आत गाडीनं वेग घेतला.

फार आठवण येते त्यांची. शनिवारी चहा आला की सवयीनं अजूनही पहिला घोट मी घाईनं घेतो, आणि मग समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघतो.