सुहासची लायब्ररी

मंडळी, आज सकाळी ऑफिसात मला हवं ते न भांडता मिळत होतं, आणि तेच सोसवेना.

आमच्या सॉफ्टवेअरच्या कोडमध्ये याद्या गाळायला, सॉर्ट करायला दोन लायब्रऱ्या, म्हणजे आयत्या कोडचे संच, आहेत. काम एकच. एक मी आणलेली, दुसरी सुहासची. टीममध्ये मराठी आम्ही दोघंच. इथे अमेरिकेत, चँडलर गावातल्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये डबे गार होईपर्यंत यावरून भांडायचो. माघार कोणीच घेतली नाही, म्हणून दोन्ही राहिल्या. मग व्हिसाचं फिसकटलं आणि सुहास नागपूरला परत गेला.

आज मीटिंगमध्ये मॅनेजर म्हणाली, "एकच ठेवा." मी माझ्या लायब्ररीसाठी भांडायला सरसावून बसलो, तर सगळे म्हणाले, "तू म्हणशील ती."

एकानेही "का?" विचारलं नाही.

माझ्या तोंडून निघून गेलं, "सुहासची ठेवू." त्यालाही सगळ्यांचे थम्ब्स अप!

बाहेर येऊन सुहासला मेसेज केला. लगेच उत्तर आलं, "काहून बे? तुझीच तर चांगली होती!"

यार, हे म्हणायला तो समोर हवा होता. डबा उघडून.

तुमच्याशी असं हक्काने भांडणारं माणूस सध्या किती लांब आहे?