कालवांची वाट

उत्तनला मी लग्न होऊन आले तेव्हा जगभर लढाई सुरू होती आणि माझी जीभ आत्ताइतकीच धारदार होती. सासरे गावातले नावाजलेले नाखवा. समुद्रातलं सगळं आपल्यालाच कळतं, असा त्यांचा समज, आणि तो बराचसा खराही होता. मी त्यांच्याशी थेट बोलत नसे. जे काय सांगायचं ते नवऱ्यामार्फत.

एकदा वसईहून, माहेरचा सण उरकून, सासरे, नवरा आणि मी, आम्ही तिघं आमच्या होडीतून परतत होतो. होडी लहान, पण घरात तेवढीच एक. तिच्या जिवावर आमची चूल पेटायची. लढाईमुळे चांगली राळ मिळेना, म्हणून फळ्यांचे सांधे सासऱ्यांनी कसेबसे भरून घेतले होते. गावासमोर आलो आणि तळाचा एक सांधा सुटला. नवरा डब्याने पाणी उपसू लागला, मी माहेरहून मिळालेल्या पातेल्याने. तरी पाणी घोट्यावरून नडगीपर्यंत चढलं.

ओहोटी अर्धी झाली होती. गावासमोर खडकांची रांगच आहे. भरती असल्याशिवाय तिच्यावरून होडी आत येत नाही.

"भरती येईतो भायेरच थांबायचं," सासरे नवऱ्याला म्हणाले.

तोवर होडी तरंगत राहणार नव्हती, हे त्यांनाही दिसत होतं. आम्ही पोहून किनारा गाठला असता. होडी मात्र गेली असती. मला राहवलं नाही.

"बाबा, मोठ्या खडकाच्या बाजूला घळ हाय. खडकाला चिकटलेली कालवं काढायला आम्ही बाया तिथनंच जातो. पुऱ्या ओहोटीलाही कमरेइतकं पाणी असतंय."

"तिथं वाट न्हाय. जन्म गेला माझा हितं."

"तुमचा जन्म होडीतनं खडकांच्या वरनं गेला. आम्ही खडकांवर चालतो."

नवऱ्याचा डबा हातातच राहिला. सासऱ्यांनी एकदा होडीतल्या पाण्याकडे पाहिलं आणि सुकाणू फिरवलं.

शीड अर्धं उतरवलं. मी नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला, उभी राहिले आणि मोठ्या रुबाबात ओरडले, "डावीकडं!" होडी वळली, आणि समोर पाण्याखाली काळाभोर खडक. सासऱ्यांनी सुकाणू उलटं मारलं. तरी तळ खडकाला घासलाच. चूक माझीच होती. त्या घळीतून मी नेहमी किनाऱ्याकडून समुद्राकडे जात आले होते. त्या वाटेवरचं डावं इथे उजवं झालं होतं.

मग मी सरळ किनाऱ्याकडे पाठ केली. कालवांना निघाल्यासारखी समुद्राकडे तोंड करून उभी राहिले, मान वळवून एकेक खडक ओळखायचा आणि ज्या बाजूला वाट तो हात वर करायचा. डावं-उजवं म्हणायचंच नाही. तोंडासमोर आता सासरे होते. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण त्यांचा चेहरा मी त्या दिवशीच नीट पाहिला. ते घाबरले होते. मला, खोटं कशाला बोलू, मजा वाटत होती.

होडी वाळूला लागली तेव्हा आत गुडघाभर पाणी होतं. माणसं धावत आली. कोणीतरी विचारलं, "नाखवा, अशा ओहोटीत आत आणली कशी?" सासरे शीड गुंडाळत राहिले, माझं नावही घेतलं नाही. मला इतका राग आला की त्या रात्री मी नवऱ्याशीसुद्धा बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला मी टोपली घेऊन निघाले तर सासरे मागोमाग. कालवांच्या खडकांवर पुरुषमाणूस कधी फिरकत नसे. बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. सासऱ्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. घळीशी आले, कमरेइतक्या पाण्यात उतरले आणि पहिल्यांदाच आपणहून माझ्याशी बोलले.

"पोरी, तू पुढं चाल. मी मागनं येतो."