पारावर वाचलेली वावरांची नावं

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले तेव्हा माझ्या लॅपटॉपमधली मराठी अक्षरं गेलेली होती. मला ते माहीत नव्हतं. मोठेबाबांनी, म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावांनी, ओसरीवर बसून "दाखव बरं, काय शिकून राह्यली तू वाशिमले" असं म्हटलं, मी मोठ्या हौसेनं फाईल उघडली आणि ते सगळ्यांना एकदमच कळलं.

आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे कॉलेजात नक्की काय करतात हे घरी कुणाला सांगता येत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नीट सांगता येत नाही. शेवटच्या वर्षाला एक प्रकल्प असतो, तो सरांना द्यायचा असतो. माझा विषय होता गावातल्या वावरांची नावं. आमच्याकडे शेताला वावर म्हणतात आणि प्रत्येक वावराला नाव असतं. खारी, बरड, पांदीकडचं म्हणजे पाणंदीलगतचं, इहिरीचं म्हणजे विहिरीचं, भुताचं. ही नावं सात-बारावर नसतात, माणसांच्या तोंडात असतात. उन्हाळ्यात मी गावभर फिरून ती विचारली होती, कोणतं नाव कशावरून पडलं ते लिहून घेतलं होतं आणि वाशिमला जाऊन टाईप केलं होतं.

लॅपटॉप जुना, मामानं घेऊन दिलेला. विंडोज त्याला झेपेना म्हणून दुकानदारानं त्यात लिनक्स टाकून दिलं होतं. मराठी टायपिंग मी लग्नपत्रिका छापणाऱ्या एका माणसाकडे शिकले. त्यानंच त्याच्या छापखान्याच्या काळातला फॉन्ट मला पेन ड्राइव्हवर दिला. कळ इंग्रजी दाबायची आणि पडद्यावर मराठी उमटायचं. का उमटतं, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. गावी निघायच्या आदल्या दिवशी कॉलेजच्या वायफायवर बसले असताना 'नवी आवृत्ती तयार आहे' ही सूचना पुन्हा आली. बरेच दिवस ती येत होती. सुट्टीआधी करून टाकावं म्हणून मी होकार दिला. अपग्रेड झालं, मशीन बंद करून पिशवीत ठेवलं आणि एसटीत बसले.

ओसरीवर उघडलं तेव्हा मेनूतली मराठी अक्षरं आधीच विचित्र दिसली. बारीक, पुसट, जणू ओल्या कागदावर लिहिलेली. आणि फाईल उघडली तर तिच्यात मराठी नव्हतंच. इंग्रजी एम, मग डॉलरचं चिन्ह, मग उघडा कंस, मग दोनदा के. पानंच्या पानं तशी.

मी घाबरले आणि घाबरून एक चूक केली. मजकूर मला पाठ होता. तो मी घडाघडा वाचायला लागले, "आमच्या गावाच्या पूर्वेला जे वावर आहे त्याला खारी म्हणतात…"

वहिनी, मोठेबाबांची सून, माझ्या खांद्यावरून बघत होती. ती कारंज्याची, बारावीपर्यंत शिकलेली. सासऱ्यांना ती मामाजी म्हणते.

"ताई," ती म्हणाली, "इथं तं खारी लिहेल नाई. इथं एम लिहेल हाय."

"ते मराठीच आहे वहिनी. फक्त दिसून नाही राह्यलं."

"मराठी हाय पन दिसून नाई राह्यलं?" मोठेबाबांनी मान वर केली. "मंग तू वाचून कायचं राह्यली?"

मी फाईल बंद करून पुन्हा उघडली. तोच एम, तोच डॉलर.

"इंग्रजी हाय का ते?" त्यांनी वहिनीला विचारलं.

"नाई मामाजी. इंग्रजी बी नाई. काहीच्या काही हाय."

मोठेबाबा उठले, चष्मा लावला, पडद्याजवळ वाकले. त्यांना इंग्रजी येत नाही, पण मराठी ते ठसक्यात वाचतात. ते बराच वेळ बघत राहिले. मग चष्मा काढून म्हणाले, "मराठी नाई, इंग्रजी नाई. हे कोनाले समजाव म्हून लिहेल हाय?"

त्या दिवसापासून घराचं माझ्याशी वागणं बदललं. कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. मी लॅपटॉप उघडला की कुणीतरी काहीतरी कामानं तिथं यायचं. माय तूर निवडायला नेमकी माझ्याच शेजारी बसायची. एकदा तिनं सुपातून मान वर न करता हळूच विचारलं, "बाई, कोनी पोरगं तं नाई ना यात?"

"नाई वं माय."

"नाई म्हंजे, असलं तं आधी मले सांगजो. तुह्या मोठेबाबाले नको."

मोठेबाबांचा संशय मात्र वेगळा होता, आणि तो मला मायच्या संशयापेक्षा कठीण वाटला. महामार्गाच्या मोजणीवाले आले होते तेव्हा त्यांच्याकडेही लॅपटॉप होते. तेही गोड बोलून विचारायचे, हे वावर कोणाचं, इथं विहीर कुठं, झाडं कोणती. लोकांनी चहा पाजून सांगितलं. नंतर आमचं आंब्याचं वावर रस्त्यात गेलं. तेव्हा मी शाळेत होते. मोबदला मिळाला, पण मोठेबाबांनी त्यानंतर वावराची गोष्ट परक्या माणसाशी कधी केली नाही. उन्हाळ्यात मला त्यांनी नावं सांगितली ती मी घरची म्हणून.

"तुह्या सरले काय करायचं हाय आमच्या वावरायचं?" त्यांनी जेवताना विचारलं.

"अभ्यास मोठेबाबा."

"मोजनीवाले बी अभ्यासच म्हने."

वडील ताटाकडे बघत जेवत होते. ते मोठ्या भावासमोर बोलत नाहीत. निकाल मोठेबाबांनीच दिला. तलाठी जसं सात-बाऱ्याचं चावडीवाचन करतो, गावासमोर मोठ्यानं वाचतो आणि ज्याची हरकत असेल तो तिथंच बोलतो, तसं ही फाईल रविवारी सांजेला पारावर वाचायची. तोंडपाठ नाही. पडद्यावर अक्षर दिसलं पाहिजे आणि वहिनीनं शेजारी बसून ते ताडून बघितलं पाहिजे. तसं झालं तर सोमवारच्या एसटीनं वाशिम. नाही झालं तर मी घरीच राहायचं. परीक्षा काय ती बाहेरून देता येते, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

रविवार जवळच होता.

मी आधी फॉन्टच हरवला असं समजले. पेन ड्राइव्ह सोबत होता. फॉन्ट पुन्हा त्याच्या जागी ठेवला, यादी ताजी करायची आज्ञा दिली, मशीन बंद-चालू केलं. फॉन्ट फोल्डरमध्ये दिसत होता, पण लिहिण्याच्या प्रोग्रॅमच्या यादीत त्याचं नाव येईना. जणू घरात माणूस बसलेला आहे आणि कुणी त्याच्याकडे बघायलाच तयार नाही. मला पत्रिकावाल्याचाच संशय आला. त्यानं मुदतीचा फॉन्ट दिला असेल, पुन्हा आपल्याकडे यावं म्हणून. फोन केला तर तो म्हणाला, "माझ्याकडं तर छान दिसतंय. तुझ्याच मशीनमध्ये काहीतरी आहे." मग मला मशीनचा संशय आला. मग त्यात लिनक्स टाकणाऱ्या दुकानदाराचा. घरचे माझ्याकडे जसं बघत होते तसंच मी सगळ्यांकडे बघायला लागले होते.

नेट आमच्याकडे फक्त गच्चीवर येतं. वहिनीनं आपल्या फोनचा हॉटस्पॉट दिला, पण स्वतःही वर आली. सरकीच्या पोत्यावर बसून ती बघत होती. मी शोधत गेले. बऱ्याच ठिकाणी वाचलं तेव्हा एका जागी कुणीतरी माझंच दुखणं लिहिलेलं सापडलं. माझा फॉन्ट फार जुन्या धाटणीचा होता आणि त्या धाटणीचे फॉन्ट वाचणं नव्या आवृत्तीनं बंदच केलं होतं. कुणी काही चोरलं नव्हतं, बिघडवलं नव्हतं.

आणि दुसरी गोष्ट तिथंच कळली, ती मला जास्त लागली. माझ्या फाईलमध्ये मराठी कधी नव्हतंच. आत पहिल्यापासून एम, डॉलर आणि कंसच होते. जुना फॉन्ट त्यांच्यावर मराठीचं सोंग चढवत होता. सोंग उतरलं आणि आतलं दिसलं. म्हणजे वहिनी म्हणाली ते खरंच होतं. तिथं खारी लिहिलेलं नव्हतं.

मी तिला हे सांगितलं.

"म्हंजे मामाजी बरोबर होते?"

"अर्धे."

"हे त्यायले सांगू नको," ती म्हणाली, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली.

उपाय होता. जुन्या फॉन्टमधला मजकूर घेऊन तो खऱ्या मराठी अक्षरांत, म्हणजे युनिकोडमध्ये, बदलून देणारी पानं इंटरनेटवर असतात. माझ्या फॉन्टसाठीचं एक सापडलं. एका चौकटीत मजकूर टाकायचा, बटण दाबायचं, दुसऱ्या चौकटीत मराठी येतं. मी सगळा मजकूर उचलला आणि चौकटीजवळ येऊन थांबले.

हे पान कुणाचं? त्याच्यावर कुणाचंच नाव नव्हतं. मी गावातल्या सगळ्या वावरांची नावं, विहिरी, पांदणी, कुणाचं वावर कुणाला लागून, हे सगळं उचलून एका अनोळखी चौकटीत ओतायला निघाले होते. मोठेबाबा खाली गोठ्यात होते. ते खरं बोलत असतील तर?

पानाच्या तळाशी लिहिलं होतं की हे पान उतरवून घेतलं तर नेटशिवायही चालतं. मी ते उतरवलं आणि वहिनीला हॉटस्पॉट बंद करायला सांगितलं.

"आता काहून बंद?" तिच्या डोळ्यांत पुन्हा तोच संशय.

"बाहेर काही जाऊ नये म्हणून."

तिनं बंद केला, फोन मला दाखवला आणि खात्रीसाठी कमरेला खोचला. मी बटण दाबलं. दुसऱ्या चौकटीत आलं, 'आमच्या गावाच्या पुवेर्ला जे वावर आहे त्याला खारी म्हणतात.' रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसला होता. असे मोडतोड झालेले पुष्कळ शब्द होते. वहिनी वाचत गेली आणि मी दुरुस्त करत गेले. पुसट अक्षरांसाठी दुसरा ठळक मराठी फॉन्ट निवडला, तेव्हा पान माणसानं वाचावं असं दिसायला लागलं.

रविवारी पारावर बरीच माणसं जमली होती. सोयाबीन निघून गेलेलं, लोकांना वेळ होता. मी वाचत होते, वहिनी शेजारी बसून पडद्यावर बोट ठेवत होती आणि मोठेबाबा वहिनीकडे बघत होते. प्रत्येक नावाला ती मान हलवायची, मग ते हलवायचे.

'इहिरीचं वावर' आलं तेव्हा आमच्या वावराला लागून ज्यांचं वावर आहे ते काका उभे राहिले. "थांब पोरी. इहीर आमच्या बी बांधावर हाय. नाव तुमच्याच वावराले काहून?"

"तुह्या बापानं बी इहिरीचं म्हून त्यालेच म्हनलं," मोठेबाबा म्हणाले.

"माहा बाप तुह्या बापाले भेत होता म्हून!"

लोक हसले. मोठेबाबांना हसू आलं नाही. पण त्यांची संशयाची नजर माझ्यावरून उठून पहिल्यांदाच दुसऱ्या माणसाकडे गेली होती.

"लिहिजो," ते मला म्हणाले. "याची हरकत लिहिजो. नाई तं उद्या हाच म्हनीन, दाबली."

मी सगळ्यांसमोर हरकत लिहिली आणि वाचून दाखवली. शेवटचं नाव वाचून झालं. मी लॅपटॉप मिटणार तोच ते म्हणाले, "आंब्याचं कुठं हाय?"

"ते आता नाई ना मोठेबाबा. ते रस्त्यात गेलं."

"तुले कोन सांगतलं ते लिहू नको म्हून?"

"कुणी नाई. मलाच वाटलं…"

"खरं सांग. सरनं सांगतलं?"

"नाई. तुमी उन्हाळ्यात ते नाव घेतलंच नाई."

मोठेबाबांनी उपरण्यानं तोंड पुसलं. मग त्यांनी सांगितलं. आंबा एकच होता, आंबट, लोणच्याचाच. वावराच्या उगवतीला. त्याच्या सावलीत जेवणाचे डबे सोडता यायचे म्हणून मजूर बायाही त्या वावराचं काम आधी मागायच्या. एवढंच. ते सांगत होते आणि मी टाईप करत होते, आता सरळ मराठीत. लोक पाठीमागून वाकून बघत होते. अक्षर पडद्यावर उमटलं की वहिनी ते मोठ्यानं म्हणायची.

"तेच लिहेल हाय?" मोठेबाबांनी तिला विचारलं.

"तेच हाय मामाजी."

तरी त्यांनी चष्मा लावला आणि स्वतः वाचलं. दोनदा. मग मला म्हणाले, "मशीन पुन्हा बदललं तं हे बी जाईन का?"

"नाई. आता खरंच मराठी आहे आत."

"मांगं बी तू तसंच म्हनत होती."

त्यांनी वहिनीला त्या पानाचा फोटो तिच्या फोनमध्ये काढायला लावला.

सोमवारी मी एसटीनं वाशिमला गेले. पुढच्या वेळी छापील प्रत घेऊन घरी आले, तेव्हा सरांनी काय म्हटलं हे मोठेबाबांनी विचारलं नाही. वहिनीला हाक मारली, फोन आणायला सांगितला आणि फोटो कागदाशेजारी धरून आंब्याच्या वावराची एकेक ओळ बोटानं जुळवत बसले.