फॉइल लावलेली खोली

दुबईत थंडी वाजते असं सांगितलं की गावाकडची माणसं फोनवर हसतात. हसू देत. त्यांनी जानेवारीत इंटरनॅशनल सिटीत आमच्या घरी येऊन टाइल्सवर अनवाणी उभं राहून दाखवावं. बाहेर छान ऊन, लोक हाफ पँटीत फिरतायत, आणि आम्ही घरात स्वेटर घालून बसलोय. या घरांना फक्त गार राहायचं ठाऊक आहे. भिंती, काचा, एसी, सगळा बंदोबस्त उन्हाळ्याचा. हिवाळ्याचा विचार बांधणाऱ्याच्या मनालाही शिवलेला नाही.

त्यात माझा नवरा एसी बसवणाऱ्या कंपनीत. ऊन म्हणजे त्याचा जन्माचा वैरी. आम्ही इथे राहायला आलो त्या पहिल्याच उन्हाळ्यात त्याने आग्नेयेकडच्या खोलीच्या खिडक्यांना आतून ॲल्युमिनियमची फॉइल लावून टाकली, आपण पोळ्या गुंडाळतो तीच. काठाने टेप मारली, हात झटकले आणि म्हणाला, "खलास. आता सूर्याच्या बापाची हिंमत नाही." ती फॉइल नंतर कधी निघालीच नाही. त्या खोलीत दिवसाढवळ्या दिवा लावावा लागायचा, पण तिथे इस्त्रीचं टेबल आणि रिकाम्या सुटकेसा, त्यांना उजेड हवा कशाला?

गेल्या डिसेंबरात त्या खोलीत माझे वडील राहायला आले.

नाना एसटीत कंडक्टर होते. जन्मभर चालत्या गाडीत उभा राहिलेला माणूस, एका जागी बसणं त्यांना जमतच नाही. मीही त्यांच्यावरच गेलेय. आई गेल्यापासून ते निफाडजवळच्या घरात एकटे राहत होते. मागच्या पावसाळ्यात मोरीत पाय घसरून पडले आणि दूधवाला येईपर्यंत तिथेच पडून होते. मला हे कळलं ते शेजारणीकडून, तेही बोलता बोलता. त्या दिवसापासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. रोज सकाळी फोन करायचा, तिकडून उचलला जाईपर्यंत रिंगा मोजत बसायचं. म्हणून मी ठरवलं की नानांना इथे आणायचं आणि आता परत पाठवायचं नाही. सध्या व्हिजिट व्हिसावर आणलं होतं, पण कायमच्या व्हिसाचीही सगळी तयारी करून ठेवली होती. फक्त त्यांनी हो म्हणायचं बाकी होतं. विचारलं की म्हणायचे, "बघू." त्यांचं 'बघू' मी लहानपणापासून ओळखते. त्याचा अर्थ बहुतेक वेळा नाहीच असतो.

आणि आल्या आल्या त्यांना थंडी बाधली. निफाडच्या कडाक्यात वाढलेला माणूस हा! पण तिथे सकाळ झाली की अंगणात खुर्ची टाकून उन्हात बसता येतं, संध्याकाळी शेकोटी पेटते. इथे खोलीत अंधार, पायाखाली गार फरशी, आणि बाहेर जायचं तर लिफ्ट, लॉबी, पार्किंग. त्यांचा उजवा गुडघा आखडला. पलंगावरून उठताना भिंतीला हात, बसताना खुर्चीला हात. माझी दहा वर्षांची लेक म्हणायची, "आजोबा, इट्स नॉट इव्हन कोल्ड." आजोबा म्हणायचे, "तुझी हाडं नवीन आहेत बाई."

मला दिसत होतं, हे असंच चाललं तर नाना थंडीचं निमित्त करून पळणार. मग मी कंबर कसली. ड्रॅगन मार्टमधून तेलाचा हीटर आणला, तो चाकांवरचा, पत्र्याच्या पाकळ्यांचा. गालिचा आणला. दोन दुलया आणल्या. हीटर रात्रंदिवस चालू. गिझरही चालू, नानांना कधीही गरम पाणी लागलं तर असावं. महिन्याने बिल आलं तेव्हा नवऱ्याने मोबाइल माझ्यापुढे धरला आणि सवयीने मोठ्यांदा हिशोब केला, "दोनशे दिरहम जास्त. म्हणजे जवळजवळ पावणेपाच हजार रुपये. अगं, उन्हाळ्यातल्या एसीच्या बिलाची भरपाई आपण हिवाळ्यात करतो, तेवढाच श्वास घेतो. तोही गेला."

हे तो बोलला बैठकीच्या खोलीत आणि नाना बसले होते समोर. मी डोळ्यांनी दटावलं. उशीर झाला होता.

मग घरात काटकसरीचं सत्र सुरू झालं, आणि खरं सांगायचं तर त्यातलं बरंचसं शहाणपणाचंच होतं. नवऱ्याने नानांच्या खोलीच्या दाराखाली रबराची पट्टी ठोकली. एसीच्या जाळीतून गार वारा यायचा तिथे पुठ्ठा बसवला. संध्याकाळी चौघांनी नानांच्याच खोलीत बसायचं, लेकीचा अभ्यास तिथेच, भाजी निवडणं तिथेच, म्हणजे एकच खोली तापवायला लागेल. गिझर अंघोळीच्या जरा आधी लावायचा आणि शेवटच्याने बंद करायचा. जेवताना दार उघडं टाकून कुणी बाहेर आलं की नवरा इथल्या अरबांसारखा ओरडायचा, "यल्ला, दार लावा, उष्णता पळतेय!" जशी काही म्हैसच सुटलीय.

पण नानांनी ही काटकसर फारच मनावर घेतली. मी ऑफिसला निघाले की हीटर बंद. शहराच्या देरा भागात माझं ऑफिस, कार्गोच्या कामाचं. एका कानाला कस्टम्सचा एजंट, आणि मन नानांच्या खोलीत. दर तासाला पाणी प्यायच्या निमित्ताने उठायचे. व्हिडिओ कॉल लावायचे आणि म्हणायचे, "हीटर दाखवा." नाना मोबाइल वळवून दाखवायचे. लाल दिवा लागलेला. "झालं समाधान?" मी फोन ठेवायचे. पुढच्या कॉलला पुन्हा लाल दिवा.

एकदा ऑफिसातून लवकर सुटले. शेवटचा कॉल मेट्रोतून केला होता, तेव्हाही दिवा होता. घरी आल्या आल्या चप्पल न काढता हीटरला हात लावला. बर्फ. म्हणजे फोन वाजला की बटण लावायचं, फोन ठेवला की बंद! चेकर कोणत्या थांब्यावर चढतो ते ज्याने जन्मभर ओळखलं, त्याच्यापुढे मी काय तपासणी करणार?

मी भडकले. "नाना, मी तिथे जीव टांगणीला लावून बसते आणि तुम्ही इथे नाटक करता?"

"अगं, अंगावर दुलई होती ना."

"दुलईत बसून गुडघा मोकळा होतो का? आणि बिल भरायला आम्ही बसलोय ना?"

"म्हणून तर," नाना म्हणाले आणि भिंतीला हात धरून उठले.

ते उठणं मला बघवलं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली. राग त्यांच्यावर नव्हताच. मला भीती वाटत होती. हा माणूस इथे स्वतःला ओझं समजतोय, आणि स्वतःला ओझं समजणारा माणूस राहत नाही.

पुढच्या शनिवारी नवरा लेकीला पोहायच्या क्लासला घेऊन गेला आणि मी भाजीला गेले. परत आले तर नानांच्या खोलीच्या दाराखालून उजेड येत होता, आणि तो दिव्याचा नव्हता. दार उघडलं. खोलीभर ऊन! पलंगावर, गालिच्यावर, इस्त्रीच्या टेबलावर, सगळीकडे. नाना बनियनवर बसलेले, पायजमा गुडघ्यावर ओढलेला, उजवा पाय उन्हात पसरून, आणि डोळे मिटलेले. खिडक्यांवरची फॉइल गायब. हीटर कोपऱ्यात बंद. खोली इतकी उबदार की मला स्वेटर काढावा लागला.

"स्टुलावर चढलात तुम्ही?" माझं पहिलं वाक्य.

"पलंगावर उभा राहिलो. ओरडू नकोस. बस इथे."

मी बसले. किती दिवसांनी मी नुसती बसले. या खोलीला ऊन येतं हेच आम्ही विसरून गेलो होतो. सूर्याला बाहेर कोंडून आम्ही आत हीटर चालवत होतो आणि वर काटकसर शिकत होतो. नवरा आला, खिडकीकडे बघून आधी त्याचा चेहरा पडला, मग हवेत हात फिरवून म्हणाला, "आयला, खरंच गरम आहे की."

त्यानंतरचे दिवस बरे गेले. हीटर फक्त रात्री थोडा वेळ. बिल उतरलं. सकाळपासून दुपारपर्यंत नाना उन्हात, गुडघ्याला तेल चोळत. पंधरवड्यात भिंतीचा हात सुटला. मग खाली उतरायला लागले, कोपऱ्यावरच्या पेशावरी दुकानदाराशी तोडक्या हिंदीत गप्पा, येताना कोथिंबीर. माझे ऑफिसातून कॉल कमी झाले. मी मनातल्या मनात बेत करायला लागले. त्या खोलीला चांगले पडदे शिवायचे, इस्त्रीचं टेबल हलवायचं, नानांना एक आरामखुर्ची. खोली उबदार झाली, माणूस रुळला, आता ते 'बघू' म्हणायचं सोडतील. एवढंच तर मला हवं होतं. तरीही विचारायचा धीर होत नव्हता. रोज ठरवायचे आणि रोज चहा पिऊन उठायचे.

शेवटी विषय काढला तो नवऱ्याने, आणि तोही भलत्याच वाटेने. फेब्रुवारी संपत आला होता, रविवारची दुपार, आम्ही चौघं त्या खोलीत चहा पीत होतो. काचेला हात लावून नवरा म्हणाला, "नाना, आत्ता मजा आहे. पण मे महिन्यात ही खोली भट्टी होते. तेव्हा मात्र फॉइल परत लावावी लागेल हां."

"आहे की," नाना म्हणाले. वाकले आणि पलंगाखालून धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली वळकटी काढली. फॉइल कुठेही फाटलेली नव्हती. टेपसुद्धा कडेकडेने सोडवलेली. "जपून ठेवलीय. मी गेल्यावर लावून टाका, जावईबापू."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी कप खाली ठेवला.

"गेल्यावर म्हणजे?" मी विचारलं. आवाज चढला होता, मला कळत होतं. "नाना, व्हिसाचं सगळं तयार आहे. तुम्ही फक्त हो म्हणा. आता काय त्रास आहे तुम्हाला इथे? खोलीत ऊन आहे, गुडघा बरा आहे."

"तेच तर सांगतोय बाई." त्यांच्या आवाजात माझी समजूत काढणं नव्हतं. ते खरोखर खूश होते. "थंडीने पाय आखडला होता, तेव्हा वाटलं, आता काही आपलं घरी जाणं होत नाही. विमानात एवढा वेळ पाय दुमडून बसायचं कसं? उतरून पुन्हा निफाडपर्यंत गाडी. तुला म्हणालो नाही, पण मी धीर सोडला होता. तू एवढं केलंस म्हणून. आता जमेल."

आणि मी काही बोलायच्या आत ते उभे राहिले. कशालाही हात न धरता. मग पलंगावर बसले, पुन्हा उभे राहिले, पुन्हा बसले, उजवा पाय पूर्ण मागे दुमडून दाखवला. लेक म्हणाली, "वॉव, आजोबा!" नाना माझ्याकडे बघत होते, कौतुकाची वाट बघत.

मी म्हणाले, "छान वळतोय, नाना."